गॅमातून पाडलेला पाऊस: अख्ख्या मोसमात दोन मिलिमीटर! कुठे चुकतंय?

मृगाचा_किडा | शनिवार, रात्री १०:५२

मंडळी, दोन संध्याकाळी घालवल्या, आता डोकं चालेना म्हणून इथे विचारते.

गाव पारनेर तालुक्यातलं, कोरडवाहू. अंगणात पर्जन्यमापक आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, २००२ पासून रोज सकाळी साडेआठला त्यातलं पाणी मोजतात आणि वहीत लिहितात. २०२३ धरून २२ पावसाळे झाले. दादाला शेततळं करायचंय. त्याचा प्रश्न असा: पावसाने मध्येच वीस दिवस ओढ दिली तर खरिपाचा कांदा तळ्यावर निघेल का, आणि अशी ओढ किती वर्षांतून एकदा धरायची? बीएस्सीला संख्याशास्त्र होतं, त्या जोरावर मी म्हटलं, थांब, तुला हजार पावसाळे पाडून देते.

वही एक्सेलमध्ये भरली. जून ते सप्टेंबर १२२ दिवस, त्यातले वर्षाला सरासरी ३५ ओले. एकूण ७७० ओले दिवस, ओल्या दिवसाची सरासरी १२ मिलिमीटर. आरमध्ये (संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर) फिटडिस्ट वापरून गॅमा वितरण बसवलं, म्हणजे लहान पाऊस पुष्कळदा आणि मोठा क्वचित असा, दोन आकड्यांनी ठरणारा उतार. शेप ०.७८, रेट ०.०६५. हिस्टोग्रामवर रेघ छान बसली. आरगॅमा या आकडे पाडणाऱ्या सूत्राला तेच दोन आकडे दिले, हजार आकडे काढले, सरासरी १२ च्या आसपास. इथपर्यंत सगळं गोड.

दादाच्या लॅपटॉपवर आर नाही आणि त्याला स्वतः आकडे हलवून बघायचेत. म्हणून एक्सेलमध्ये सूत्र घातलं: गॅमा.इन्व्ह, कंसात आधी रँड(), मग ०.७८, मग ०.०६५. ३५ ओल्या दिवसांची बेरीज आली १.८ मिलिमीटर. पुन्हा केलं, १.६. पुन्हा केलं, २.१. दादा म्हणाला, एवढ्यात अण्णांची मिशीसुद्धा भिजायची नाही.

आकडे तेच, वितरण तेच. मग पाऊस गेला कुठे?

---

सुटा_पैसा | शनिवार, रात्री ११:०७

रेट आणि स्केल. शंभरातले नव्वद जण इथेच आपटतात, मीही आपटलोय.

गॅमा दोन तऱ्हांनी लिहितात. आर तिसऱ्या जागी रेट घेतं, एक्सेलचं बीटा म्हणजे स्केल. रेट हा स्केलचा व्यस्त. तुमच्या ०.०६५ चा व्यस्त १५.३८. एक्सेलला ०.०६५ दिलंत म्हणून त्याने सरासरी धरली ०.७८ गुणिले ०.०६५, म्हणजे ०.०५ मिलिमीटर. ३५ दिवसांचे झाले पावणेदोन. तुमची १.८ ची बेरीज तिथूनच आली.

०.०६५ च्या जागी १ भागिले ०.०६५ लिहा, पाऊस परत येईल.

आणि एक सवय लावून घ्या. नवीन ठिकाणी आकडे पाडले की आधी पाच हजार पाडायचे आणि सरासरी व प्रमाण विचलन कागदावरच्या सूत्राशी ताडून बघायचं. गॅमाची सरासरी शेप गुणिले स्केल, विचलन शेपचं वर्गमूळ गुणिले स्केल. तुमच्यासाठी १२ आणि १३.६. एवढं जुळल्याशिवाय पुढची ओळ लिहायची नाही.

---

रविवारची_भाजी | शनिवार, रात्री ११:३१

वाखुसा (वाचनखूण साठवली). पण मला मुळातच एक कळलं नाही (वाणिज्य शाखा, मोठ्या मनाने घ्या). रँड() तर शून्य ते एकमधला कुठलाही आकडा देतं, सगळ्यांना सारखीच संधी. त्यातून कधी १ मिलिमीटर, कधी ६० मिलिमीटर असा पाऊस कसा निघतो?

---

मृगाचा_किडा | शनिवार, रात्री ११:४४

सुटा_पैसा, दंडवत! १५.३८ घातलं, पहिल्याच फटक्यात मोसम ४३७ मिलिमीटर. आमच्याकडे साधारण इतकाच होतो. दोन संध्याकाळी एका व्यस्तात गेल्या.

---

पायथॉनवाला | रविवार, सकाळी ७:१५

उद्या कुणी हेच पायथॉनमध्ये करायला जाईल म्हणून लिहून ठेवतो. नंपाय या त्याच्या गणिती संचातल्या गॅमाला शेप आणि स्केल लागतात, म्हणजे एक्सेलसारखं. सायपाय या दुसऱ्या संचात वेगळाच खड्डा आहे. तिथे गॅमा बसवला की दोन नाही, तीन आकडे परत येतात: शेप, लोकेशन, स्केल. लोकेशन म्हणजे वितरण कुठून सुरू होतं ते. सांगितलं नाही तर सायपाय तेही स्वतःच शोधतं आणि पावसासारख्या विदेवर (डेटावर) शेप भलताच देतं. एफलोक बरोबर शून्य असं बजावून सांगावं लागतं. एकाने मधला आकडा स्केल समजून उचललेला पाहिलाय. पाऊस ऋण आला होता.

लॉगनॉर्मलचं (ज्या आकड्यांचे लॉग नॉर्मल असतात ते वितरण) तर विचारू नका. आर आणि नंपाय लॉगांची सरासरी मागतात, सायपायला त्या सरासरीचा घातांक स्केल म्हणून द्यावा लागतो.

---

खडूफळा | रविवार, सकाळी ९:४०

रविवारची_भाजी, प्रश्न अजिबात बाळबोध नाही. तासाला मुलं हा प्रश्न विचारत नाहीत, ही माझी जुनी तक्रार आहे.

वहीतले ७७० आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत एका रांगेत उभे करा. रँड() ने ०.५८ दिलं तर रांगेत ५८ टक्के अंतर चालून जा आणि तिथे उभ्या असलेल्या आकड्याला उचला. बस. रांगेच्या पहिल्या अर्ध्या भागात सगळे बुटके आहेत: १, २, ४, ६ मिलिमीटरवाले. उंच मंडळी शेवटच्या थोड्या जागेत दाटीने उभी आहेत. जागा निवडताना सगळ्यांना सारखी संधी, पण रांगेत बुटकेच जास्त, म्हणून बुटकेच जास्त निघतात. वितरण बसवलं म्हणजे ७७० जणांच्या रांगेऐवजी एक अखंड उतार मिळाला, एवढाच फरक. गॅमा.इन्व्ह त्या उतारावरची उंची सांगतं. या ताईंच्या गॅमात ०.५८ ला साधारण ९.७ मिलिमीटर येतात.

आम्ही शिकत होतो तेव्हा रँड() नव्हतं. फिशर आणि येट्स यांच्या कोष्टकांच्या पुस्तकात यादृच्छिक अंकांची पानं होती. डोळे मिटून पेन्सिल टेकवायची आणि तिथून खाली वाचत जायचं. वर्गातल्या निम्म्या मुलांची पेन्सिल पानाच्या मध्यावरच पडायची, त्यामुळे सगळ्यांचे ‘यादृच्छिक’ नमुने सारखेच यायचे.

ताई, दादांना आरशिवायच सगळं करायचं असेल तर गॅमा बसवणंही एक्सेलमध्ये होतं. थॉमची १९५८ ची युक्ती आहे, हवामानवाल्यांनी कित्येक वर्षं वापरली. सरासरीचा लॉग घ्या, त्यातून लॉगांची सरासरी वजा करा. आलेल्याला ए म्हणा. मग ४ए भागिले ३ मध्ये १ मिळवून वर्गमूळ घ्या, त्यात पुन्हा १ मिळवा आणि ४ए ने भागा. हा शेप. सरासरीला शेपने भागलं की स्केल. तुमच्या लॉगांची सरासरी किती येते?

---

मृगाचा_किडा | रविवार, सकाळी १०:२०

सर, १.७२२. बाराचा लॉग २.४८५, म्हणून ए ०.७६३ आणि शेप ०.७९. आरने ०.७८ दिला होता! तीन खणांत झालं. दादा भलताच खूश आहे, म्हणतो हे कॉलेजात का नाही शिकवलं. (शिकवलं होतं. तो कबड्डीला होता.)

नवीन तक्रार: शीटवर कुठेही एंटर दाबलं की अख्खा मोसम बदलतो. दादा काल रात्री एक चांगला पावसाळा बघून झोपला, सकाळी उठून बघतो तर दुष्काळ.

---

सुटा_पैसा | रविवार, सकाळी १०:४८

रँड() चा तो स्वभावच आहे, शीटवर काहीही हललं की ते नव्याने फासे टाकतं. आवडलेला मोसम कॉपी करून पेस्ट स्पेशलमधून फक्त व्हॅल्यूज चिकटवा. एक्सेलच्या रँड() ला बी (सीड, म्हणजे सुरुवातीचा आकडा) देता येत नाही. आरमध्ये सेट.सीड आहे, एकच बी दिलं की तेच पीक पुन्हा.

पण बी तेच आणि सॉफ्टवेअर वेगळं, तर आकडे जुळणार नाहीत. गॅमा पाडायच्या रीतीच वेगळ्या. वर सरांनी सांगितली ती उलटी रीत आर गॅमासाठी वापरत नाही. ते आरेन्स आणि डीटर यांच्या कृती वापरतं, शेप एकाहून लहान असेल तर १९७४ ची, नाहीतर १९८२ ची. नंपाय शेप एकाहून मोठा असेल तर मार्साग्लिया आणि त्सांग यांची २००० सालची वापरतं. वितरण एकच, वाटा वेगळ्या. दोन ठिकाणच्या आकड्यांचा सारांश जुळवा, एकेक आकडा जुळवत बसू नका.

---

टोपी_पुणेरी | रविवार, दुपारी १२:०५

पण मुळात संगणकाचे आकडे ‘रँडम’ असतात का? सूत्राने काढलेलं यादृच्छिक कसं? उगाच शेतकऱ्याला या आकड्यांच्या भरवशावर खड्डा खणायला लावू नका.

---

खडूफळा | रविवार, दुपारी १२:५०

टोपीराव, शंका जुनी आहे आणि एके काळी खरी होती. साठच्या दशकात आयबीएमच्या यंत्रांवर रँडू नावाचा जनक (यादृच्छिक आकडे पाडणारं सूत्र) चालायचा. ६५५३९ ने गुणायचं आणि २ च्या ३१ व्या घाताने भागून बाकी घ्यायची. लागोपाठचे तीन-तीन आकडे घेऊन अवकाशात बिंदू मांडले तर सगळे जेमतेम १५ पातळ्यांवर बसतात, पापडांच्या चळतीसारखे. अशा जनकांचा हा रोग मार्साग्लियाने १९६८ मध्ये दाखवून दिला. आज आरमध्ये मूळचा जनक मर्सेन ट्विस्टर आहे, मात्सुमोतो आणि निशिमुरा यांचा, १९९८ मध्ये छापून आलेला. त्याचं चक्र २ च्या १९९३७ व्या घातातून १ वजा इतकं लांब आहे. हजार पावसाळे म्हणजे त्याच्यासाठी समुद्रातून तांब्याभर पाणी.

खड्डा चुकला तर त्याचं खापर रँड() वर फुटणार नाही. बसवलेल्या वितरणावर फुटेल.

---

घाटाखालचा | रविवार, दुपारी ३:२२

सर शेवटच्या वाक्यात बोलले तिथूनच पुढे जातो. मी जलस्रोतांच्या कामात आहे, रोज हेच करतो, म्हणून जरा लांबण लागेल.

ताई, तुमचा प्रश्न वीस दिवसांच्या ओढीचा. गॅमा सांगतो, पडलाच तर किती पडेल. पडेल की नाही, आणि लागोपाठ किती दिवस पडणार नाही, याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. तुम्ही ३५ ओले दिवस १२२ दिवसांत कसे पेरलेत?

---

मृगाचा_किडा | रविवार, दुपारी ३:४०

रोज नाणं उडवलं. रँड() ०.२८७ पेक्षा लहान आलं तर ओला. ३५ भागिले १२२.

---

घाटाखालचा | रविवार, सायंकाळी ५:१०

वाटलंच. आता हिशेब बघा. कोरडा दिवस सुरू झाला की पुढचा दिवस कोरडाच राहायची शक्यता तुमच्या नाण्यात ०.७१३. वीस दिवसांची ओढ व्हायला हे लागोपाठ १९ वेळा घडायला हवं, म्हणजे ०.७१३ चा १९ वा घात, साधारण ०.००१६. मोसमात कोरडे तुकडे पडतात पंचवीसेक. गुणाकार ०.०४. म्हणजे वीस दिवसांची ओढ पंचवीस वर्षांतून एकदा. अण्णांना विचारा पटतंय का.

पाऊस नाणं उडवून येत नाही. झड लागली की लागते आणि उघडीप पडली की पडते. त्यामुळे शक्यता दोन लागतात: काल ओला असेल तर आज ओला किती वेळा, आणि काल कोरडा असेल तर आज ओला किती वेळा. वहीत नुसतं मोजायचं. गेब्रिएल आणि न्यूमन यांनी १९६२ मध्ये तेल अवीवच्या पावसावर हेच केलं, मार्कोव्हची दोन घरांची साखळी. रिचर्डसनने १९८१ मध्ये त्यावर दैनंदिन हवामान पाडणारं अख्खं यंत्र उभं केलं. मोजून सांगा.

---

मृगाचा_किडा | रविवार, रात्री ९:०२

मोजलं. काल ओला तर आज ओला ०.५८. काल कोरडा तर आज ओला ०.१७.

---

घाटाखालचा | रविवार, रात्री ९:१८

आता कोरड्यामागे कोरडा ०.८३. त्याचा १९ वा घात ०.०२९. कोरडे तुकडे मोसमात पंधराच्या आतबाहेर (३५ गुणिले ०.४२). गुणाकार ०.४३, त्यातून निदान एक तरी वीस दिवसांची ओढ असलेल्या वर्षांचा वाटा सुमारे ३५ टक्के. तीन वर्षांतून एकदा.

ओले दिवस तेवढेच, गॅमा तोच, मोसमाची सरासरी तीच. नुसता दिवसांचा क्रम बदलला आणि पंचवीस वर्षांचे तीन झाले. वहीत खरं काय आहे?

---

मृगाचा_किडा | रविवार, रात्री ९:५५

२२ पैकी ८ वर्षं.

अंगावर काटा आला जरा. मी दादाला ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ असं सांगून मोकळी होणार होते.

---

मृगाचा_किडा | सोमवार, रात्री १०:३०

साखळी एक्सेलमध्ये घातली. एक स्तंभ रँड() चा. दुसऱ्या स्तंभात: काल ओला असेल तर रँड ०.५८ हून लहान का, नसेल तर ०.१७ हून लहान का. तिसऱ्यात ओला असेल तर गॅमा.इन्व्ह, आत पहिल्या स्तंभातला रँड. ओढी बरोबर येतायत. पण आता १० मिलिमीटरच्या वर एकही दिवस पडत नाही! हजार मोसमांत एकही नाही! शेप-स्केल दहा वेळा तपासलं.

---

सुटा_पैसा | सोमवार, रात्री १०:४१

एकच रँड दोन कामांना जुंपलात. तो ०.५८ हून लहान असेल तरच दिवस ओला, आणि तोच लहान रँड गॅमाला दिला. म्हणजे सरांच्या रांगेत ५८ टक्क्यांपुढे पाऊल टाकायलाच बंदी. सर म्हणाले होते ना, तिथे उभा आहे ९.७ मिलिमीटरवाला. तुमची १० ची भिंत हीच. पावसाच्या आकड्याला स्वतंत्र रँड() द्या.

---

रविवारची_भाजी | सोमवार, रात्री १०:४९

हे मला कळलं! सरांच्या रांगेमुळे खरंच कळलं!

---

कोयना_कट्टा | मंगळवार, सकाळी ८:०५

उशिरा आलो. एक उलटा प्रश्न विचारू? गॅमा बसवायचाच कशाला? ७७० खरे आकडे हातात आहेत. ओला दिवस आला की वहीतून एक आकडा उचला आणि परत ठेवून द्या. वितरण बसवणं म्हणजे घरचं ताक टाकून पाकिटातलं पिणं. त्याहून बरं, अख्खी वर्षंच उचला, ओढीबिढी आपोआप येतील.

---

घाटाखालचा | मंगळवार, सकाळी ९:३०

अर्धं मान्य. प्रश्न निव्वळ ओढीचा असेल तर गॅमाचं काम इथे दुय्यमच आहे, वहीतून उचललेले आकडेही चालतील. मी स्वतः बरेचदा तेच करतो.

अख्खी वर्षं उचलायला मात्र विरोध. २२ वर्षं म्हणजे २२ च ओढीचे नमुने, हजार वेळा उचलले तरी तेविसावा दिसणार नाही. आणि वहीतून उचलाल तर वहीतल्या सर्वांत मोठ्या दिवसापेक्षा मोठा दिवस कधीच येणार नाही. तळ्याचा सांडवा त्या न आलेल्या दिवसासाठीच बांधतात. ताई, वहीतला सर्वांत मोठा दिवस कितीचा?

---

मृगाचा_किडा | मंगळवार, सकाळी ९:५२

१४०. सप्टेंबरातला. अण्णांनी पुढे लिहिलंय, ‘ओढ्यावरचा बांध गेला’.

---

खडूफळा | मंगळवार, सकाळी ११:१५

मग गॅमालाच विचारू. शेप ०.७८, स्केल १५.३८, तर १४० च्या वर जायची शक्यता ०.००००५७ च्या जवळपास. वर्षाला ३५ ओले दिवस धरले तर पाचशे वर्षांतून एकदा. अण्णांनी तो बावीस वर्षांत पाहिला.

एका दिवसावरून गॅमाला फाशी देऊ नका, पण त्याची शेपटी पातळ आहे हे लक्षात असू द्या. बसवताना तो ७७० पैकी बहुसंख्य बुटक्यांना खूश ठेवतो, टोकाच्या दोन-चार दिवसांना त्याच्या लेखी फार किंमत नाही. हिस्टोग्रामवर रेघ ‘छान बसली’ ती या बुटक्यांवर. शेपटी बघायची तर क्यू-क्यू आलेख काढा (वहीचे आकडे गॅमाच्या आकड्यांसमोर क्रमाने मांडून), उजवं टोक वर उडालेलं दिसेल. पाऊस टोकाला काय करतो ते मुंबईला विचारा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर, आणि त्याच दिवशी कुलाब्याला पाऊणशेच्या आत. सांडव्यासाठी दरवर्षीचा सर्वांत मोठा दिवस वेगळा काढून त्यावर गुंबेल (कमाल आकड्यांसाठीचं वितरण) बसवावा. त्यातून आकडे पाडणं तर आणखी सोपं, उलटं सूत्रच आहे: रँडचा लॉग, त्याचं चिन्ह बदलून पुन्हा लॉग, पुन्हा चिन्ह बदल, मग स्केलने गुणा आणि लोकेशन मिळवा. दैनंदिन हिशेबाला गॅमा राहू द्या.

आणखी एक. केएस चाचणी (वितरण आणि विदा यांच्यातलं अंतर मोजणारी) लावली असेल तर तिच्या पी-मूल्यावर जाऊ नका. ज्या आकड्यांवरून शेप-स्केल काढले त्याच आकड्यांवर तपासलं तर ती चाचणी फार उदार होते, लिलीफोर्सने १९६७ मध्ये नॉर्मलसाठी हे दाखवलं. उपाय तुमच्या हातातच आहे: बसवलेल्या गॅमातून ७७० आकडे पाडा, त्यांच्यावर पुन्हा गॅमा बसवा, अंतर मोजा. हजारदा करा. तुमच्या वहीचं अंतर त्या हजारांत कुठे बसतं ते बघा.

---

मृगाचा_किडा | मंगळवार, दुपारी १:०४

सर, केएस लावली होती, आर ‘टाईज’ (तेच तेच आकडे) म्हणून ओरडत होतं. कारण आत्ता कळलं. अण्णा ७ च्या वर गेलं की १०, १५, २० असेच आकडे लिहितात. विचारलं तर म्हणाले, पावसाला काय सोनाराचा तराजू लावायचा?

---

खडूफळा | मंगळवार, दुपारी १:२०

अण्णांना माझा नमस्कार सांगा.

---

घाटाखालचा | मंगळवार, रात्री ८:४५

ताई, महिने वेगळे केलेत का? तुमच्याकडे सप्टेंबर हाच जोराचा महिना. जूनचा आणि सप्टेंबरचा पाऊस एकाच गॅमात कोंबू नका.

---

मृगाचा_किडा | बुधवार, रात्री ११:१०

महिने नाही, नक्षत्रं केली! वहीत मथळे तसेच आहेत, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य… आणि प्रत्येक तेरा-चौदा दिवसांचं, म्हणजे आयते तुकडे. प्रत्येकाचा वेगळा गॅमा, वेगळ्या दोन शक्यता.

---

घाटाखालचा | गुरुवार, सकाळी ७:५०

कल्पना झकास, पण आता प्रत्येक गॅमाला मिळाले ८८ च्या आसपास आकडे. ७७० वर शेपची प्रमाण त्रुटी (अंदाज किती डळमळतो ते) ०.०३ होती, ८८ वर ती ०.१ होते. ०.७८ म्हणजे ०.५८ ते ०.९८ मधलं काहीही. त्यामुळे हजार मोसम एकाच शेप-स्केलवर पाडू नका. दर मोसमाआधी त्या नक्षत्राचे आकडे परत परत उचलून (कोयना_कट्टा, तुमचं ताक इथे लागलं बघा) नवा गॅमा बसवा आणि त्यातून तो मोसम पाडा. थॉमचं सूत्र असल्याने एक्सेलही हे पेलेल. नाहीतर आपली अनिश्चितता आपणच खाऊन टाकतो आणि दादांना खोटा ठामपणा विकतो.

---

कोयना_कट्टा | गुरुवार, सकाळी ८:३३

ताकाचा मान राखल्याबद्दल आभारी आहे.

---

मृगाचा_किडा | शनिवार, रात्री ९:२०

हजार पावसाळे पाडून झाले. अनिश्चितता धरून करायचं राहिलंय. एक्सेलने धाप टाकली, ते आता आरमध्ये करीन. तूर्त साधी आवृत्ती.

वीस दिवसांची ओढ: ३४ टक्के वर्षांत. वहीत ३६. मोसमी सरासरी ४२१, वहीत ४२०. मी खुशीत येऊन अण्णांना दाखवायला गावी आले.

अण्णांनी चष्मा लावला, यादी खालपासून वरपर्यंत बघितली आणि विचारलं, ‘यात बहात्तर कुठलं?’

म्हटलं अण्णा, १९७२ वहीत नाही, मग यात कसं असेल. ते म्हणाले, बरं, मग माझं १३१ वालं तरी दाखव.

नाहीये. वहीत २२ वर्षांत एक वर्ष १३१ मिलिमीटरचं आहे. माझ्या हजार वर्षांत सर्वांत कमी १४२. प्रमाण विचलन बघितलं तर मोसमी बेरजेत वही १६५ नी हलते, माझे पावसाळे १२३ नी. ओढी जुळल्या, सरासरी जुळली, मग वाईट वर्षं का पडेनात?

---

घाटाखालचा | शनिवार, रात्री १०:०१

अण्णांना या क्षेत्रात घ्यायला हवं. रोजचा पाऊस पाडणाऱ्या यंत्रांचं हे जुनं दुखणं आहे.

तुमच्या साखळीला फक्त कालचा दिवस आठवतो. जूनमध्ये पाऊस रुसला हे तिला ऑगस्टमध्ये माहीत नसतं. त्यामुळे वाईट जूनला चांगला ऑगस्ट भेटतो, बेरजा मध्याकडे सरकतात. खऱ्या दुष्काळी वर्षात सगळा मोसमच एका दिशेने ढळलेला असतो. एल निनोसारखी कारणं महिनोन् महिने टिकतात.

उपाय: २२ वर्षांतली सर्वांत कोरडी सात वेगळी करा. त्यांच्या दोन शक्यता आणि गॅमा वेगळे मोजा, उरलेल्या पंधरांचे वेगळे. नक्षत्रं सोडा मग, एवढे आकडे पुरणार नाहीत, जून-जुलै आणि ऑगस्ट-सप्टेंबर असे दोनच तुकडे करा. मोसम सुरू करताना आधी एक रँड(): ७ भागिले २२ हून लहान आला तर कोरडं वर्ष. मग त्याच गटाच्या आकड्यांवर अख्खा मोसम चालवा. सातच्या ठिकाणी सहा की आठ, यावर वाद घालता येईल, मी घालणार नाही.

बहात्तर मात्र यातूनही हमखास येईलच असं नाही. त्यासाठी जुनी विदा लागेल. हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाची दैनंदिन पावसाची चौकटवार विदा १९०१ पासूनची आहे, पाव अंशाच्या चौकटी. तुमच्या गावावरची चौकट काढा. ती २६-२८ किलोमीटरच्या पट्ट्याची सरासरी असते, त्यामुळे १४० सारखे दिवस तिच्यात बोथट दिसतील आणि ओले दिवस जास्त दिसतील. रोजचे आकडे वहीचेच ठेवा. त्या विदेतून एवढंच घ्या की शंभर-सव्वाशे वर्षांत कोरडी वर्षं किती, आणि किती कोरडी.

---

टोपी_पुणेरी | शनिवार, रात्री १०:२२

अण्णांना बहात्तर आठवतं का?

---

मृगाचा_किडा | शनिवार, रात्री १०:४०

विचारलं. मापक नव्हतं तेव्हा. आजोबांबरोबर खडी फोडायला जायचे ते आठवतं आणि सुकडीची चव आठवते. मिलिमीटर माहीत नाहीत म्हणाले.

चौकटवार विदा उद्या उतरवून घेते, सात-पंधराची विभागणी करून परत येते. दादाने मात्र दम धरला नाही. आज दुपारी फक्की मारून आला, ३० बाय ३०. म्हणतो, खोली तेवढी तुझ्या पावसावर ठरवू.